शिकवणाऱ्याला कोण विचारतं?

कार्यशाळेचा शेवटचा तास जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. उत्तरचाचणी होते, अभिप्रायाचे कागद वाटले जातात, दोघं-तिघं मनोगत व्यक्त करतात, आभारप्रदर्शन होतं आणि हजेरीपटावर शेवटची सही करून मंडळी एसटी गाठायला निघतात. त्या कागदावर विचारलेलं असतं की आशय उपयुक्त वाटला का, तज्ज्ञ मार्गदर्शकांची मांडणी कशी होती, बैठकव्यवस्था कशी होती, चहा-नाश्ता कसा होता. पुढे एक ते पाच आकडे असतात. बहुतेक जण चार किंवा पाचाभोवती गोल करतात. कागद गोळा होतात, सरासरी निघते, अहवालाला जोडली जाते. ज्या माणसाने दोन दिवस उभं राहून शिकवलं, त्याला मात्र या सगळ्यात कुणी काहीच विचारत नाही.

फार तर फाटकापर्यंत सोडायला आलेला संयोजक "कसं झालं सर?" म्हणतो, सर "छान झालं, गट चांगला होता" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. त्या क्षणी सरांच्या डोक्यात जे असतं ते कुठल्याच कागदावर उतरत नाही. दुपारची कृती तासभर लांबली. पुस्तिकेतल्या एका पानावरची सूचना कुणालाच नीट कळली नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर साहित्यात शोधूनही सापडेना. आणि ऐनवेळी फळ्यावर काढलेल्या एका आकृतीने अर्ध्या वर्गाचा गोंधळ मिटला. पुढच्या महिन्यात हीच कार्यशाळा दुसरं कुणी तरी दुसऱ्या तालुक्यात घेणार असतं. त्या माणसाला हा सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो, आणि ती आकृती त्याला सुचेलच याची काही खात्री नसते.

प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं, याची जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली चौकट अमेरिकेतल्या डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत. प्रशिक्षणार्थींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि संस्थेच्या हाती त्यातून काय लागलं. चौकट कामाची आहे, साठ वर्षं टिकली ती उगाच नाही. पण चारही पायऱ्यांवर नजर शिकणाऱ्यावर किंवा त्याच्या संस्थेवर आहे. शिकवणाऱ्याची साक्ष कुठेच बसत नाही. त्यातून प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच काम थांबतं, आणि ती पायरी फारशी भक्कम नाही. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना दिलेले गुण आणि त्या विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित फेरतपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत म्हणण्यासारखा काही संबंध तिला आढळला नाही.

शिकणाऱ्याला विचारू नये, असं मी म्हणत नाही. पण त्याला जे दिसू शकतं त्याला मर्यादा आहे. तो आपल्या जागेवरून आपल्यापुरतं पाहतो. मुख्य म्हणजे, काय गाळलं गेलं हे त्याला कळायला मार्गच नसतो. ठरवलेलं काय होतं आणि झालं काय, हे दोन्ही माहीत असणारा वर्गात एकच माणूस असतो. कार्यशाळा सुधारायची तर या दोहोंतल्या अंतरातच सगळं काम आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, प्राथमिक शिक्षकांसाठी अपूर्णांकांवर कार्यशाळा आहे. पुस्तिकेत कागदी पट्ट्यांची कृती दिली आहे. एक पट्टी अखंड ठेवायची, दुसरीला मधोमध घडी घालून अर्धे करायचे, मग पाव, मग अष्टमांश, आणि त्याच ओघात एक तृतीयांश. कृतीला अर्धा तास दिलेला आहे. कार्यशाळा संपल्यावर ती घेणाऱ्या मॅडमना "कसं झालं?" असं विचारलं तर उत्तर येईल, "मस्त झालं, सगळ्यांनी सहभाग घेतला." अभिप्रायाच्या कागदांवरही "पट्ट्यांची कृती आवडली" असंच लिहिलेलं असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा पुढच्या माणसाला शून्य उपयोग आहे.

आता त्याच मॅडमना त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या सहकाऱ्याने वेगळं विचारलं, असं समजा.

"पट्ट्या किती वाजता हातात घेतल्या, मॅडम?"

"सव्वाअकराला. पावणेबाराला आटपायचं होतं, साडेबारा वाजले."

"कुठे अडलं?"

"तिसऱ्या हिश्श्याला. अर्ध्याची घडी पुन्हा अर्धी केली की पाव होतो, त्याची पुन्हा केली की अष्टमांश. हात आपोआप चालतो. पण तीन सारखे भाग घडीने करायचे म्हटले की अंदाजच लागतो. कुणाची एक घडी मोठी, कुणाची दोन लहान. परत परत करून पट्ट्या मऊ पडल्या, मग संपल्या."

"मग काय केलंत?"

"वही घ्यायला सांगितली. आखीव वहीच्या ओळींवर पट्टी तिरकी ठेवायची. एक टोक एका ओळीवर आणि दुसरं टोक तिच्यापुढच्या तिसऱ्या ओळीवर आलं पाहिजे. मधल्या दोन ओळी पट्टीची कड जिथे कापतात तिथे खुणा करायच्या. तीन सारखे भाग मिळतात. पट्टी लांब असेल तर सहावी ओळ धरायची आणि दर दुसऱ्या ओळीवर खूण करायची. पाच भाग हवे असले तरी हीच युक्ती चालते."

या तीन प्रश्नांतून केवढं हाती आलं! कृतीला अर्धा तास पुरत नाही. पट्ट्या दुप्पट लागतात. एक तृतीयांश हा अर्ध्या-पावाच्या ओघात येत नाही, त्याला वेगळी जागा द्यायला हवी. आणि समांतर रेषांमधलं अंतर सारखं असलं की त्या तिरक्या रेषेचेही सारखे भाग पाडतात, हा भूमितीचा नियम वापरणारी एक सुरेख रीत, जी पुस्तिका लिहिणाऱ्याला सुचली नव्हती आणि गरजेपोटी वर्गात जन्माला आली. हे विचारलं गेलं नसतं तर ती रीत त्या एका वर्गातच राहिली असती.

म्हणून माझा आग्रह आहे की शिकवणाऱ्याला मत विचारू नये, प्रसंग विचारावा. वेळ कुठे लांबला, काय गाळलं, ठरवलेलं सोडून काय केलं, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, वर्ग कधी गप्प झाला आणि कधी एकदम बोलायला लागला. "गट जरा कच्चा होता" असं उत्तर आलं तर तिथे थांबायचं नाही. "कशावरून वाटलं?" असं विचारायचं. बहुतेक वेळा त्या कच्चेपणामागे एखादी अशी पूर्वतयारी निघते, जी साहित्याने गृहीत धरली होती आणि कुणी सांगितली नव्हती. "पुन्हा हेच घ्यायचं झालं तर काय कमी कराल?" हा प्रश्न तर विसरूच नये. काय वाढवावं हे सगळे आपणहून सांगतात, कमी काय करावं हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि कार्यशाळा बहुधा जास्त भरल्यामुळेच बिघडतात.

हे सगळं त्याच दिवशी विचारायला हवं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. वर्गातला अनुभव तितका निरर्थक नसतो, त्यामुळे तो जास्त टिकतो. पण टिकतं काय, तर ढोबळ ठसा. आठवड्याने फोन केला की मत शिल्लक असतं, तिरकी पट्टी गेलेली असते.

भारतात ही गोष्ट सर्वांत मनापासून कुणी केली असेल तर ती माझ्या मते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते काम हाती घेतलं होतं. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिकडे गेले होते, आणि त्या संस्थेतले तसेच दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये शिक्षकांची शिबिरं घ्यायला जात. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये तो सांभाळायला एकलव्य ही संस्था उभी राहिली, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला तेव्हा सुमारे हजार शाळांत तो चालू होता.

या कार्यक्रमातल्या प्रयोगांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती शिबिरातली संध्याकाळ. दिवसभर शिक्षक गटागटाने प्रयोग करत, आणि वर्ग संपले की त्या दिवशी शिकवणारी सगळी मंडळी एकत्र बसत. त्यांत विद्यापीठातले प्राध्यापक असत आणि गावातल्या शाळांवरचे, पुढे स्रोत शिक्षक झालेले गुरुजीही असत. कोणत्या वर्गात कोणता प्रयोग अडला, कोणती सूचना शिक्षकांनी वेगळीच समजून घेतली, चर्चा कुठे भरकटली, कोणत्या प्रश्नाने शिकवणाऱ्यालाच कोड्यात टाकलं, हे बोललं जाई आणि त्यावरूनच दुसऱ्या दिवसाची तयारी होई. ही बैठक हा दिवसाच्या कामाचा भाग होता. जमलं तर बसू, अशी ती नव्हती.

शिबिर संपलं तरी विचारणं थांबत नसे. शिक्षक आपापल्या शाळेत जाऊन शिकवायला लागले की दर महिन्याला आसपासच्या शाळांच्या संगम केंद्रावर त्यांची गोष्ठी भरे. त्या महिन्यात जो धडा शिकवला त्यात काय झालं ते शिक्षक सांगत, पुढच्या धड्यांचे प्रयोग करून पाहत. मधल्या काळात स्रोत गटातलं कुणी तरी शाळेत जाऊन वर्गात बसे. त्याला तिकडे अनुवर्तन म्हणत. या तिन्ही वाटांनी जे जमा झालं ते 'बाल वैज्ञानिक' या कार्यपुस्तिकेच्या नव्या आवृत्त्यांमध्ये उतरलं. मुलं प्रत्यक्ष प्रयोग करतात तेव्हा पुस्तकात लिहिल्यासारखं घडत नाही, आणि न घडण्याची खबर फक्त शिकवणाऱ्याकडे असते. ती खबर पुस्तक लिहिणाऱ्यापर्यंत पोचायची पक्की वाट होशंगाबादने बांधली.

मराठी वाचकांना या कामाचा एक धागा परिचयाचा आहे. अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत अभियंता होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादला गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीतल्या काड्या जोडून भूमितीचे आकार करायची त्यांची खेळणी तिथल्या दिवसांतली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आपल्या मुलांनी जी खेळणी हाताळली, त्यांचं मूळ त्या शिबिरांच्या वातावरणात आहे.

होशंगाबादच्या बैठकीत माणसं खरं बोलत होती, कारण तिथे बसलेल्या कुणाच्याही हातात कुणाचा गोपनीय अहवाल नव्हता. कोण विचारतंय, यावर उत्तर किती खरं येईल हे ठरतं, आणि याचा सर्वांत कडक पुरावा शिक्षणाबाहेरचा आहे.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर उतरण्याच्या तयारीत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं होती, कुणी वाचलं नाही. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता, आणि विमान जिथे खाली यायला नको होतं तिथे खाली आलं. चौकशीत समोर आलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान याच जागी, याच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केलं. पण ती गोष्ट दुसऱ्या कंपन्यांपर्यंत पोचवणारी व्यवस्थाच नव्हती.

त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांकडून असे अनुभव गोळा करायचं ठरवलं. पण परवाना देणारं आणि कारवाई करणारं तेच प्रशासन. त्याच्याकडे जाऊन आपली चूक कोण सांगणार? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे देण्यात आलं. नासाला वैमानिकाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नाही. अनुभव लिहून पाठवायचा, तपशील हवे असतील तर तिथले जाणकार फोन करून विचारतात, मग नाव-गाव काढून टाकतात आणि शिकण्यासारखं जे असेल ते सगळ्यांसाठी छापतात. ही व्यवस्था आजही चालू आहे.

कार्यशाळेत कुणाच्या जिवावर बेतत नाही. पण माणसाचा स्वभाव तोच. प्रशिक्षणाचा पुढचा आदेश ज्या टेबलावरून निघतो तिथे बसलेल्या साहेबांनी "काय अडचणी आल्या?" असं विचारलं, तर "काही नाही सर, व्यवस्थित झालं" हेच उत्तर मिळणार. साहेब कितीही भले असले तरी. विचारणारा बरोबरीचा हवा, त्याने तोच विषय स्वतः शिकवलेला असला तर फारच चांगलं. दोघांनी मिळून कार्यशाळा घेतली असेल तर दोघांशी आधी वेगवेगळं बोलावं, कारण एकत्र बसवलं की ज्येष्ठ बोलतात आणि कनिष्ठ मान डोलावतात. साहित्य वाटणारे, गटांत फिरून मदत करणारे जे असतात त्यांनाही बसवावं; पुढे उभं असलेल्याला जे दिसत नाही ते त्यांनी टेबलांमधून फिरताना पाहिलेलं असतं.

जपानमध्ये शाळेतले शिक्षक हे काम आणखी एका अंगाने करतात. तिथली 'जुग्यो केंक्यू' ही पाठ-अभ्यासाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची आहे. जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं ते जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांच्या १९९९ मधल्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकानंतर. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतला एक जण तो खऱ्या वर्गात शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात याच्या नोंदी घेतात. मग सगळे बसतात, आणि सहसा पहिल्यांदा बोलतो तो शिकवणारा. काय साधायचं होतं आणि काय झालं, हे तो आपल्या तोंडाने सांगतो; इतरांच्या नोंदी त्यानंतर. त्यामुळे चर्चा त्याच्यावर निकाल देणारी होत नाही. शिवाय पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, म्हणून तो फसला तर फसलेला पाठ सगळ्यांचा असतो. आपल्याकडे निरीक्षक वर्गात आला की शिक्षक ताठ होतो. तिथे निरीक्षण पाठाचं चालतं, आणि पाठाला कुणाचं एकट्याचं नाव चिकटलेलं नसतं.

विचारून झाल्यावर त्या उत्तरांचं करायचं काय, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. यासाठी सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाकडे पाहावं असं मला वाटतं. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना संगणकावरची कामं नीट करायला शिकवण्यासाठी तो सुरू केला. २०१४ मध्ये त्याच्या शेजारी विदा हाताळण्याचं शिक्षण देणारी डेटा कार्पेंट्री उभी राहिली, आणि २०१८ च्या जानेवारीत दोन्ही मिळून 'द कार्पेंट्रीज' ही एकच संस्था झाली. त्यांच्या कार्यशाळा साधारण दोन दिवसांच्या असतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि ते जगभर विखुरलेले आहेत.

शिकणाऱ्यांकडून प्रतिसाद घ्यायच्या त्यांच्या रीती फार साध्या आहेत. प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद देतात. काम झालं की एका रंगाचा कागद लॅपटॉपवर लावायचा, अडलं की दुसऱ्या रंगाचा. हात वर करून "मला येत नाही" म्हणायला लाजणारा माणूस कागद सहज लावतो. जेवणाच्या सुट्टीआधी त्याच कागदांवर, एकावर शिकलेली एक गोष्ट आणि दुसऱ्यावर न कळलेली एक गोष्ट लिहून द्यायची. शिकवणारे जेवता जेवता ते वाचतात आणि दुपारच्या सत्राची सुरुवात त्यावरून करतात.

कार्यशाळेनंतर शिकवणाऱ्यांसाठी या समुदायाने गप्पांच्या ऑनलाइन बैठका सुरू केल्या. नुकतंच शिकवून आलेले दोन-चार जण, एक सूत्रधार आणि एक नोंदी घेणारा. पृथ्वीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना जमावं म्हणून एकाच दिवशी दोन वेगळ्या वेळा ठेवत. काय जमलं, काय जमलं नाही, पुढच्या वेळी काय वेगळं कराल, एवढेच प्रश्न. अजून एकही कार्यशाळा न घेतलेल्या नवशिक्या शिक्षकांनीही अशा चर्चेत बसावं, अशी सोय त्यांनी केली. आपला पहिला वर्ग घ्यायच्या आधी चार अनुभवी लोक "माझं पहिल्या सकाळी काय चुकलं" हे मोकळेपणाने सांगताना ऐकणं, यासारखं शिक्षण दुसरं नाही.

या उपक्रमात पुन्हा पुन्हा पुढे येणारी एक तक्रार म्हणजे पहिली सकाळ. प्रत्येक जण आपला लॅपटॉप घेऊन येतो, प्रत्येकाच्या यंत्रावर काही तरी वेगळं असतं, आणि पहिला तास सॉफ्टवेअर बसवण्यातच जातो. विंडोज वापरणाऱ्यांकडे धड्यात वापरलेला नॅनो हा साधा लेखन-प्रोग्राम नसायचा. या एका अडचणीसाठी तिथल्या लोकांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो चालवला की नॅनो यंत्रावर बसे. अडचण कळल्यावर "शिक्षकांनी थोडं लवकर यावं" अशी सूचना काढून मोकळं होता आलं असतं. त्यांनी साहित्य बदललं. त्यांचे सगळे धडे खुल्या परवान्याने सर्वांसमोर ठेवलेले असतात. शिकवताना काही खटकलं तर कुणीही तिथे नोंद करू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, आणि ती स्वीकारली की पुढच्या कार्यशाळेत जगात कुठेही तो सुधारलेला धडा शिकवला जातो.

आपल्याकडच्या मोठ्या प्रशिक्षणांत नेमकी हीच वाट नसते. राज्यस्तरावर प्रशिक्षण होतं, तिथले सुलभक जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर पुस्तिका तीच असते. खालच्या पायरीवर शिकवणाऱ्याने काही सुधारून घेतलं तरी ते वर जात नाही, आणि वर नवी आवृत्ती निघते तेव्हा ती लिहिणाऱ्याच्या हातात आकडे असतात. किती शिक्षक प्रशिक्षित झाले, सरासरी समाधान किती. खरं तर आपल्याकडे केंद्रावर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. होशंगाबादला जी गोष्ठी मुद्दाम उभी करावी लागली तिच्यासाठी इथे दिवस आधीच राखलेला आहे, माणसं आधीच जमलेली आहेत. त्या दिवसातला अर्धा तास मागच्या महिन्यात ज्यांनी काही शिकवलं त्यांना देता येईल, आणि त्यांचं बोलणं लिहून घेणारा एक जण नेमता येईल.

लिहून घेणाऱ्याचं काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. त्याने सारांश काढू नये. "वेळेचं नियोजन आवश्यक" असं लिहिलं की सगळं गेलं. "सव्वाअकरा ते साडेबारा, पट्ट्या संपल्या, वहीच्या ओळी वापरल्या" असं लिहिलं तर पुढच्या माणसाला धरून चालता येतं. नोंदीत नाव नसलं तरी चालेल, पण पुस्तिकेचं पान असावं, कृती असावी आणि कशामुळे अडलं ते असावं. आणि नवी पुस्तिका छापताना पहिल्या पानावर या वेळी काय बदललं आणि ते कोणत्या अनुभवावरून, हे दोन-चार ओळींत छापावं. वैमानिक पन्नास वर्षं नासाला लिहीत आहेत, कारण आपण लिहिलेलं छापून परत येताना ते पाहतात. ज्या शिक्षकाने अडचण सांगितली आणि तीन वर्षांनीही पुस्तिकेत तीच कृती तशीच पाहिली, तो पुढच्या वेळी "छान झालं" एवढंच म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

यात पैशाचा प्रश्नही आहे, आणि तो टाळून चालणार नाही. मानधन सत्रांवर मोजलं जातं. सत्र संपलं की शिकवणाऱ्याचं काम संपलं, असं कागदोपत्री धरलं जातं, आणि त्यानंतर त्याला थांबवणं म्हणजे त्याची शेवटची गाडी चुकवणं. म्हणून हे बोलणं वेळापत्रकात छापलेलं हवं, समारोपाच्या आधी, मानधनाच्या हिशेबात धरलेलं. प्रशिक्षणार्थी उत्तरचाचणी सोडवत असतात ती तीस-चाळीस मिनिटं शिकवणारा सहसा मोकळाच असतो. शेजारच्या खोलीत दोन खुर्च्या, चहा, आणि प्रश्न विचारायला एक सहकारी, एवढी व्यवस्था कोणत्याही पंचायत समितीच्या सभागृहात होऊ शकते. चाचणीवर लक्ष ठेवायला कुणी दुसरं मिळालं की झालं.